दोन्ही कानांच्या खाचा

दुकानदाराने दुधाच्या दोनऐवजी चार पिशव्या तिच्यापुढे सरकवल्या आणि म्हणाला, "न्या हो, आज निम्म्या भावात आहे. बंदरावर जाणारं सगळं दूध माघारी आलंय, ठेवायला जागा नाही." पर्समध्ये घातलेला तिचा हात तसाच राहिला. झालं ते एवढंच. कुणी तिच्याकडे बोट दाखवलं नाही, समोरच्या फुटपाथवर शाळेची बस नेहमीसारखी थांबून गेली. मागे उभ्या असलेल्या बाईने विचारलं, "रोग आलाय म्हणे गाईंना. मग आपण हे प्यायचं की नाही?" त्यावर दुकानदार म्हणाला, "माणसाला काही होत नाही त्याने. बाहेरचे घेत नाहीत ते त्यांच्या गाईंना लागेल म्हणून." अगदी बरोबर सांगितलं त्याने. आता खरं तर या दोघांना नीट समजावून सांगू शकेल असं माणूस अख्ख्या शहरात कुणी असेल तर ती, आणि ती त्यांच्या मध्येच उभी होती. पण तिने चारही पिशव्या घेतल्या आणि चोरी पकडली जाण्याच्या आत पळावं तशी ती बसस्टॉपकडे निघाली. दूध स्वस्त झालं होतं ते तिच्यामुळे. गुरुवारी सकाळी साडेअकराला तिने एक बटण दाबलं होतं.

ती जनावरांची डॉक्टर होती, पण गेली सात वर्षं तिने एकाही जनावराला हात लावला नव्हता. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, एक खुर्ची, एक पडदा, आणि आधीचा कुणीतरी खिडकीत विसरून गेलेला निवडुंग, हा तिचा दवाखाना. जगातल्या प्रत्येक देशाने आपल्या गुराढोरांत काय आजार निघाला ते एका जागतिक यादीत लिहायचं, आणि कळल्यापासून चोवीस तासांच्या आत लिहायचं, असा करार. आपल्या देशाची पानं ती लिहायची आणि बाकीच्यांची वाचायची. कुठे अकरा मेंढ्या, कुठे एक रानडुक्कर, कुठे तळ्यावर मरून पडलेली बदकं. सकाळी आल्या आल्या ती जगभरच्या आजारी जनावरांची हजेरी घ्यायची, आणि खरं सांगायचं तर तिला ते काम मनापासून आवडायचं. कुठल्या देशाची पानं खरी आणि कुठल्या देशाची सारवलेली, हे तिला आता नुसतं बघून कळायचं. बारा महिने ज्यांच्याकडे एकही ढोर शिंकत नाही, त्यांच्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. ऑफिसात तिचं नाव पडलं होतं 'चोवीस तास'. "चोवीस तास आल्या का?" असं शिपाई बिनदिक्कत विचारायचा, आणि तिला ते ऐकू जायचं, आणि वाईट वाटण्याऐवजी बरंच वाटायचं.

तर बुधवारी दुपारी बाराला प्रयोगशाळेचा कागद आला. ओढ्याकाठच्या एका वाडीत एकशे बारा गुरं, त्यांतल्या एकोणीस गाईंच्या रक्तात लाळ्या-खुरकूतची खूण. लशीची खूण वेगळी आणि खऱ्या रोगाची वेगळी. ही रोगाची होती. गाई मात्र धडधाकट; तोंडात फोड नाही, खुरात जखम नाही, दूध नेहमीइतकं. संचालक म्हणाले होते, "अहो मॅडम, जरा दमानं घ्या. पुन्हा तपासून बघू, आठवड्याने लिहू. गाई काय पळून चालल्यात?" संचालक वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला त्यांना चौदा महिने राहिले होते आणि या चौदा महिन्यांत देशात काहीही होऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती. ती म्हणाली होती, "सर, उद्या बारापर्यंत वेळ आहे." आणि साडेअकराला लिहून मोकळी झाली. संध्याकाळच्या आत समुद्रापलीकडच्या देशाने दार लावलं. भुकटी नको, लोणी नको, चीज नको. आणि इकडे नियमाप्रमाणे हुकूम निघाला: रोग नाही हे पुढचा सोडून त्याच्या पुढच्या बुधवारपर्यंत सिद्ध झालं नाही, तर वाडीतली एकशे बारा गुरं मारून पुरायची. हुकमाचा मसुदा तिनेच केला होता. 'मारून' हा शब्द तिने आधी लिहिला, मग खोडून 'निकाली काढून' लिहिलं, मग स्वतःचीच लाज वाटली आणि परत 'मारून' केलं.

बसमध्ये जागा मिळाली ती मागच्या चाकावरची, जिथे गुडघे पोटाशी येतात. पिशव्या मांडीवर. कालपासून धाकट्या भावाचा आवाज तिच्या डोक्यातून जात नव्हता. तो भुकटीच्या कारखान्यात उत्पादन बघायचा आणि तिच्याच इमारतीत दोन मजले खाली राहायचा. रोज सकाळी पेपर न्यायला वर यायचा, कारण स्वतःचा पेपर लावण्याइतका तो उधळा नव्हता. गुरुवारपासून आला नव्हता. काल जिन्यात समोरासमोर आले तेव्हा बाजूला होण्याऐवजी तो पायरीवर बसलाच. म्हणाला, "ताई, तीनशे माणसं घरी बसवलीत मी. तुला माहीतच असेल म्हणा, तुला सगळं चोवीस तासांच्या आत कळतं." ती म्हणाली, "रोग असेल तर लपवायचा का?" तो म्हणाला, "असेल तर. असेल तर ना? आहे का? तू सांग, तू डॉक्टर आहेस." आणि तिला तेच माहीत नव्हतं. शुक्रवारी गाईंच्या घशातून नमुने घेतले होते; घशात जिवंत विषाणू सापडला तर संपलंच, पण न सापडला तरी पलीकडचे विचारणार होते, मग रक्तात खूण आली कुठून? त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. उत्तर नसलं की त्याच जागी खड्डा खणायचा असतो. भाऊ उठताना म्हणाला, "लहानपणी पण तू अशीच. काच मी फोडली हे बाबांना आधी तू जाऊन सांगायचीस, ते विचारायच्या आत." आणि हे इतकं खरं होतं की ती हसली, आणि तिचं हसणं बघून तो जास्तच चिडला.

खरं म्हणजे दोन्ही बाजूंनी तिचंच मरण होतं, आणि हे ती चार दिवस पुन्हा पुन्हा घोळवत होती. रोग निघाला तर एकशे बारा गुरं तिच्या सहीने जाणार. न निघाला तर तीनशे माणसं, बंदरावर उन्हात उभे राहिलेले कंटेनर, वाडीत रोज दोन वेळा ओढ्यात ओतलं जाणारं दूध, सगळं फुकाचं, आणि तेही तिच्याच सहीने. रात्री झोप लागायची, पण दात एकमेकांवर आवळलेले, सकाळी जबडा दुखायचा. दुसरं काही करता आलं असतं का? नसतं. हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी जबडा दुखायचा तो दुखायचाच. बस वळली तशा पिशव्या मांडीवरून घसरल्या. तिने त्या दोन्ही हातांनी पोटाशी धरल्या. गारवा साडीतून आत शिरला आणि मांडी बधिर व्हायला लागली. आणि हे बधिर होणं ओळखीचं होतं. खूप ओळखीचं. कुठलं ते आठवेना. मग जीपचा पेट्रोलचा वास आला, बसमध्ये नसलेला, आणि मांडीवर बर्फाची पेटी आली.

लशीची पेटी. पहिल्या नेमणुकीत ती पश्चिमेच्या पथकावर होती, तेव्हा वर्षातून दोनदा जीपमधून वाड्यावाड्या फिरायचं आणि लशीच्या बाटल्यांची बर्फाची पेटी कुणाला मागे ठेवू द्यायची नाही, कारण मागे ठेवली की ड्रायव्हर तिच्यावर डबा ठेवायचा आणि झाकण उघडं राहायचं. म्हणून पेटी तिच्या मांडीवर. संध्याकाळी उतरल्यावर पाच मिनिटं तिला धड चालता यायचं नाही, आणि ड्रायव्हर म्हणायचा, "बाई गोठल्या." तिला तेव्हा अठ्ठाविसावं होतं आणि सगळ्या देशातला रोग आपणच हटवणार आहोत याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. गाय धरायची, मानेत सुई, आणि वर्षातल्या पहिल्या फेरीला चिमट्याने कानाच्या कडेला एक खाच. वर्षाला एक. म्हणजे गाईचं वय आणि तिची टोचणी, दोन्ही कानावर वाचता यायचं, कागद हरवला तरी. ओढ्याच्या पूर्वेच्या पथकाने डाव्या कानाला, पश्चिमेच्या पथकाने उजव्या. गाय विकली गेली, इकडची तिकडे झाली, तरी कळावं कुणाच्या हद्दीतली ते. चिमट्याचा तो आवाज, पुठ्ठा कापल्यासारखा. गाय फारशी हलायची नाही, माशी बसल्यागत कान झाडायची. आणि ती वाडी. ओढ्याकाठची वाडी तिच्या हद्दीत नव्हती. ती पूर्वेची होती. मग तिथे गेल्याचं तिला का आठवत होतं?

आठवत होतं कारण ती गेली होती. बस कुठे चालली आहे, किती थांबे गेले, हे भान सुटलं. एक बाई आली होती ऑफिसात, तेव्हाच्या, गावातल्या ऑफिसात, दोन गाड्या बदलून. वाडीचं दूध जमा करणाऱ्या केंद्रावर बसायची ती. सगळे तिला मावशी म्हणायचे. डोक्याला रुमाल, पायात पुरुषी बूट. म्हणाली होती, "आमची वाडी यंदा राहिली हो टोचायची. पूर्वेवाले आलेच नाहीत. त्यांची जीप म्हणे मोडलीये. तुमची तर चालतेय." हद्द वगैरे सांगायचं होतं तिला, पण समोरची बाई दोन गाड्या बदलून आली होती आणि हद्द कागदावर असते. तिने आपल्या यादीच्या तळाशी वाडीचं नाव लिहिलं, सही केली, आणि दुसऱ्या दिवशी पेटी मांडीवर घेऊन गेली. उजव्या कानाला खाचा पाडल्या. किती बरं वाटलं होतं तेव्हा. परतताना तिने ड्रायव्हरला गाणं लावायला सांगितलं होतं. आणि पुढच्या वर्षी यादी जशीच्या तशी उतरवली गेली. त्याच्या पुढच्याही. यादीत नाव घालायला एक सही पुरते. काढायचं म्हटलं तर कुणाला तरी आठवावं लागतं. ती चार वर्षांनी बदलून गेली, नंतरच्या डॉक्टरने तिची यादी घेतली, त्याच्या नंतरच्याने त्याची. आणि पूर्वेवाल्यांची जीप? जीप कधीच दुरुस्त झाली असणार.

ऑफिसात पोचल्यावर तिने पिशव्या टेबलावर तशाच टाकल्या आणि फोटो उघडले. रक्त घेताना प्रत्येक गाईच्या तोंडाचा फोटो काढतात, कानातल्या बिल्ल्याचा नंबर दिसावा म्हणून. चार दिवस ती हे फोटो बघत होती आणि चार दिवस नुसते नंबर वाचत होती. बिल्ला बघणाऱ्याला कान दिसत नाही. आता तिने त्या एकोणीसपैकी पहिली गाय मोठी केली. डावा कान: खाचा, नऊ. उजवा कान, जरा अंधारात, मागे वळलेला: खाचा. तिने नाक पडद्याला लावून मोजल्या. नऊ. दुसरी गाय, आठ आणि आठ. तिसरी, दहा आणि दहा, दोन्ही कान करवतीसारखे. ती खुर्चीत मागे टेकली आणि तिला एकदम हसू आलं. कुणी बघत नव्हतं म्हणून ती मोठ्यानं हसली. अकरा वर्षं. अकरा वर्षं दोन सरकारी पथकं एकाच वाडीतल्या त्याच गाईंना टोचत होती, टोचणीच्या महिन्यात एक पथक पहिल्या आठवड्यात, दुसरं शेवटच्या. दुसऱ्या कानावरची खाच दिसली तरी प्रत्येक पथकाला वाटायचं, पलीकडून विकत आणलेली असेल. लस गाळून शुद्ध केलेली असते, पण अगदी शंभर टक्के काहीच गाळलं जात नाही. मेलेल्या विषाणूचा चुकार अंश राहतोच. वर्षाला दोनदा टोचलं तर गाईचं रक्त त्याची दखलही घेत नाही. वर्षाला चारदा टोचा, सात-आठ वर्षं टोचा, मग कधीतरी रक्त म्हणणारच, हा माझ्या ओळखीचा दिसतोय. आणि तपासणीत उमटणार रोगाची खूण. रोग नव्हता. लस होती. जास्तीची लस होती. तिची.

हे शेवटचं ध्यानात आलं तेव्हा हसू थांबलं. इतकी वर्षं दुसऱ्यांची पानं वाचून कोण खरं कोण खोटं ते ओळखणारी ही बाई, आणि जगाच्या यादीत चढलेला हा घोळ तिच्याच हातचा, निळ्या शाईतला. वाईट वागून नव्हे, चांगलं वागून केलेला. याचं जास्त वाईट वाटत होतं. पण वाईट वाटण्याच्या खाली दुसरं काहीतरी धडका मारत होतं, आणि ते काय आहे हे कळल्यावर ती उठून उभीच राहिली. गाई जगणार होत्या.

त्याच दिवशी ती वाडीत गेली. सात वर्षांनी तिने गाईच्या कानाला हात लावला. कान आतून इतका गरम आणि मऊ असतो हे ती विसरली होती. मावशी अजून तीच, बूट नवे. तिने ओळखलं आणि तोंड फिरवलं. चार दिवस ओढा पांढरा वाहत होता, तोंड न फिरवलं तरच नवल. "मावशी," ती म्हणाली, "पूर्वेवाले टोचायला येतात का?" "येतात की." "आणि पश्चिमेवाले?" "तेही येतात. तुम्हीच चालू केलंत ना." "मग दोघं येतात हे कुणाला सांगितलं नाहीत कधी?" मावशी तिच्याकडे वेड्यासारखी बघायला लागली. "कुणाला सांगायचं? सरकार दोनदा देतंय तर नको कशाला म्हणा? मिळत नव्हतं तेव्हा मीच दोन गाड्या बदलून आले होते." मग गोठ्यागोठ्यातून त्या दोघी फिरल्या. मावशी गाईचं डोकं काखेत धरायची, ही खाचा मोजून लिहायची. एकशे बारा जनावरं, दोनशे चोवीस कान. दोन्ही कानांवर सात किंवा जास्त खाचा असलेल्या गाई मोजल्या तर बरोबर त्याच एकोणीस. रोगाची खूण असलेल्यांत सहा खाचांची एकही नाही. आणि ज्यांच्या कानावर अजून पहिली खाच पडायची होती, त्या चौदा वासरांचं रक्त स्वच्छ. रोग खरा असता तर त्याने आधी वासरंच गाठली असती. रोगाला म्हातारी-कोतारी निवडायची कसली हौस? शेवटच्या गोठ्यातून बाहेर येताना ती म्हणाली, "मावशी, चूक माझी आहे. यादीत तुमचं नाव मी घातलं ते काढलं नाही." मावशीने रुमाल सोडून परत बांधला. "नाव घातलंत तेव्हा गाई वाचल्या होत्या," ती म्हणाली. "शेजारच्या खोऱ्यात त्या साली निम्मी गुरं गेली. आता हे निस्तरा म्हणजे झालं. आणि गावात सांगते मी तुमची चूक, लपवणार नाही." "सांगा," ही म्हणाली.

शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्या गाईंचं रक्त तिने मंगळवारी तपासायला टाकलं: एकाच कानावर नऊ-दहा खाचा असलेल्या चाळीस गाई. सगळ्या स्वच्छ. घशाचे नमुने गुरुवारी आले: विषाणू नाही. शुक्रवारी सकाळी ती सगळा गठ्ठा घेऊन संचालकांसमोर बसली. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर गेल्या दहा दिवसांत पहिल्यांदा रक्त आलं. "मॅडम, तुम्ही तर कमालच केलीत. सुटलो आपण." मग त्यांचं बोट शेवटच्या परिच्छेदावर थांबलं. "हे एवढं मात्र काढा. 'प्रयोगशाळेतल्या चाचणीची मर्यादा' म्हणू. ते पण खोटं नाही." त्या परिच्छेदात लिहिलं होतं की दोन पथकांनी अकरा वर्षं एकाच वाडीला लस टोचली, याचं कारण अमुक साली पश्चिमेच्या यादीत केलेली नोंद, आणि ती नोंद खाली सही करणारीने केली होती. "अहो, जग हसेल आपल्याला," संचालक म्हणाले. "दोन पथकं, एक गाय. आणि तुमची नोकरी? तुम्ही स्वतःच्या हाताने स्वतःवर कागद करताय."

तिला भीती वाटली. खोटं कशाला सांगा, चांगलीच वाटली. परिच्छेद काढला तर कुणाला कळणार नव्हतं. सारवलेलं पान कसं दिसतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं, आणि म्हणून सारवायचं झालं तर तिने इतकं सफाईनं सारवलं असतं की पुढच्या पन्नास वर्षांत कुणाच्या बापाला ओळखता आलं नसतं. पण मग पलीकडच्या देशात तिच्यासारखीच एक बाई असणार, तिसऱ्या की चौथ्या मजल्यावर, तिच्यासारखंच डोळे बारीक करून वाचणारी. ती म्हणणार, चाचणीची मर्यादा असेल तर मग एकाच वाडीत का? शेजारी का नाही? आणि दार लावलेलंच राहणार, आणि बुधवारी खड्डा खणला जाणार. कारण सांगायचं तर सगळं सांगावं लागतं. अर्ध्या कारणाने गाय वाचत नाही. हे तिने संचालकांना सांगितलं, जवळजवळ याच शब्दांत. "चौदा महिने राहिले होते हो माझे," ते म्हणाले. मग पेन काढून तिच्या सहीच्या खाली त्यांनी आपली सही केली. एवढं ते करतील असं तिला वाटलं नव्हतं. तिने बारा वाजायच्या आत पान पाठवलं, दोनशे चोवीस कानांच्या फोटोंसकट.

शनिवार, रविवार पलीकडून काही उत्तर आलं नाही. रविवारी सकाळी भाऊ वर आला, पेपर उचलला, दारातच वाचल्यासारखं केलं, आणि म्हणाला, "काच तूच फोडली होतीस म्हणजे या वेळी." कारखान्यात बातमी पोचली होती. ती म्हणाली, "हो." "आणि तूच जाऊन सांगितलंस. विचारायच्या आत." "हो." मग तो आत येऊन पंख्याखाली बसला आणि तिथेच पेपर वाचायला लागला, म्हणजे राग गेला.

सोमवारी दुपारी फोन आला. पलीकडच्या देशाची ती बाई होती, खरंच होती. आवाज वयाने मोठा, जरा घोगरा. "तुमचं पान मी तीनदा वाचलं," ती म्हणाली. "पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा कान मोजले, सगळे. तिसऱ्यांदा माझ्या वरिष्ठांना वाचून दाखवलं. आमच्याकडे अशा दोन वाड्या निघाल्या होत्या सहा वर्षांपूर्वी. आम्ही चाचणीची मर्यादा लिहिलं." तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "ज्या खात्यातलं माणूस स्वतःची चूक स्वतःच्या सहीने पाठवतं," घोगरा आवाज म्हणाला, "त्या खात्याची बाकीची पानं मी पुन्हा तपासत बसत नाही. दार उद्या सकाळी उघडतंय. भुकटी, लोणी, चीज, सगळं. आणि तुमचा तो परिच्छेद आम्ही आमच्या लोकांना शिकवायला वापरला तर चालेल का?" "चालेल," ती म्हणाली. मग परत म्हणाली, "खुशाल वापरा." फोन ठेवल्यावर तिने पाहिलं तर ती उभी होती. केव्हा उठली ते आठवत नव्हतं. छातीत काहीतरी इतकं भरून आलं होतं की खोली लहान वाटायला लागली. तिने खिडकी उघडली आणि खाली रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांकडे बघत राहिली. त्यातल्या कुणालाही काही माहीत नव्हतं, आणि तिला प्रत्येकाला थांबवून सांगावंसं वाटत होतं. आयुष्यात इतका शुद्ध आनंद तिला झाल्याचं तिला आठवत नव्हतं, आणि तो लपवायची तिला अजिबात गरज वाटली नाही.

संचालक हुकूम रद्द केल्याचा कागद घेऊन सहीसाठी आत आले तेव्हा ती वाडीच्या केंद्रावर फोन लावत होती. त्यांना तिने हातानेच बसायला सांगितलं. मावशीने उचलला. "मावशी, गाई वाचल्या. बुधवारचं रद्द. उद्यापासून दूध जाईल." पलीकडे टेबलावर फोन ठेवल्याचा खट्ट आवाज, आणि बुटांचा लांब जाणारा आवाज. मावशी फोन बंद न करताच निघून गेली होती. ती ऐकत राहिली. दार वाजलं, मग दुसरं. बोलणं कळत नव्हतं, फक्त मावशीचा आवाज आणि त्यामागोमाग गलका. कुठेतरी बादली आपटली. एक पुरुष मोठ्याने रडायला लागला, त्याला कुणीतरी रागावलं, आणि मग रागावणाराही रडायला लागला. गाई हंबरल्या, कारण एवढी माणसं अवेळी गोठ्यात आल्यावर त्या हंबरणारच. चौतीस घरं होती वाडीत. संचालक सही न घेता तसेच बसून होते. तिने फोन दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवला तशी तेही वाकून ऐकायला लागले. अर्ध्या तासाने बूट परत आले.

"आहात का अजून?" मावशी धापा टाकत म्हणाली.

"आहे."

"सगळ्यांना सांगितलं. शेवटच्या घरचे विचारत होते, मग त्या डॉक्टरीणबाईंना आता शिव्या द्यायच्या की नाहीत. मी म्हटलं, आजच्या दिवस देऊन घ्या. उद्यापासून बंद."

ती हसायला लागली. संचालक हसायला लागले. हसता हसता तिने कागद पुढे ओढला आणि सही केली. एकशे बारा गुरं त्या सहीने जगली.